उंदीर, गोगलगाय आणि लावणीची खाज

मा. संपादक, स. न.

पावसाळा आला की आपल्या पेपरात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) बातम्या येतात, उंदरांच्या लघवीपासून सांभाळा, चिखलात गमबूट घाला, ते बरोबरच आहे. पण उंदराघुशींच्या अंगात अजून एक चीज असू शकते, तिच्यावर कधी एक ओळ पण वाचायला मिळत नाही म्हणून लिहितेय.

फ्लूक, म्हणजे चपटे कृमी. गुरंवाल्यांना लिव्हरमधला माहीत असतो, पण रक्तात राहणारे पण असतात, शिस्टोसोमा, आणि त्यातला शिस्टोसोमा इन्कॉग्निटम आपल्या देशात डुकरांत, कुत्र्यांत नि उंदरांतही सापडलाय. अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, पिल्लं गोगलगायीत शिरतात, तिथे वाढून शेपटीवाली बारीक पिल्लं हजारोंनी बाहेर येतात आणि थेट कातडीतून आत घुसतात. जनावरांच्या जातीची असली तर माणसाच्या कातडीतच मरतात, पण खाज नि पुरळ देऊन जातात.

आमच्याकडे दर लावणीला बायकांच्या पोटऱ्या अशाच खाजून लाल होतात. सगळे म्हणतात खताने झालं, डॉक्टर ॲलर्जीची गोळी देतात. खतानेही होत असेल, मी हट्ट करत नाही, पण खाचरातल्या गोगलगायी पाण्याच्या ग्लासात उजेडाला ठेवून ते पाणी कुणी मायक्रोस्कोपखाली बघितलंय का?

आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात गिमवीला लोकांच्या लघवीतून रक्त जायचं, त्यामागे शिस्टोसोमा आहे हे १९५२ मध्ये डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी दाखवलं. तो फ्लूक माणसाचा होता, उंदराचा नाही, पण कोणी गावात जाऊन शोधलं म्हणून कळलं ना. आणि तिकडे कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर तर माणसांत आढळणारा शिस्टोसोमा मॅन्सोनी रानातल्या काळ्या उंदरांत मुक्काम करून बसला. एरवी ही पिल्लं गोगलगायीतून भर दिवसा निघतात, तिथली मात्र संध्याकाळकडे निघतात कारण उंदीर रात्री फिरतात! हे वाचून अंगावर काटा आला माझ्या. अशा ठिकाणी नुसतं माणसांना औषध देऊन कसं भागणार?

विनंती एवढीच, पुढच्या लावणीआधी पशुवैद्यकीय कॉलेजातल्या एखाद्या सरांकडून यावर लेख लिहून घ्या, आणि लेप्टोसाठी उंदीर तपासले जातात तेव्हा त्यांचं लिव्हर आणि आतड्याच्या रक्तवाहिन्याही बघाव्यात असं छापा. खाज आली तर बायांनीही डॉक्टरांना खत टाकलं एवढंच न सांगता, कुठल्या खाचरात किती वेळ उभ्या होत्या आणि पाण्यात गोगलगायी होत्या का तेही सांगावं.

– एक वाचक, रत्नागिरी