छापखान्यांचे कागदही जपायला हवेत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या गिरण्या, चादरी आणि हातमाग यांच्या आठवणी जपण्याविषयी अधूनमधून लिहिले जाते. मात्र त्या मालावर डकवलेली लेबले, दुकानांची कॅलेंडरे आणि संपाची पत्रके ज्या छापखान्यांतून निघाली, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. हे छापखाने आता बंद पडत आहेत आणि त्यांतील शिशाचे खिळे (छपाईची सुटी अक्षरे), लाकडी टाईप व जस्ताचे ब्लॉक (चित्रांचे ठसे) किलोच्या भावाने भंगारात जात आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पूर्व भागातील अशाच एका छापखान्याचे सामान निघत असताना मी तेथे होतो. एका खणात विडीच्या कट्ट्यावर, म्हणजे पुडक्यावर, लावायच्या लेबलाचा ब्लॉक सापडला. मधोमध गोल चौकटीत मालकाचा चेहरा, भोवती नाजूक वेलबुट्टी आणि खाली मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही लिप्यांत विडीच्या छापाचे (ब्रँडचे) नाव, असे सगळे उलटे कोरलेले होते. त्याच कपाटाच्या तळाशी मजुरीवाढीसाठी काढलेल्या विडी कामगारांच्या मोर्च्याचे पत्रक होते. त्यातील लाल मथळा जाड लाकडी टाईपात जुळवलेला होता आणि एका अक्षराचा कोपरा उडालेला होता. कापड दुकानाच्या सेलच्या जुन्या जाहिरातीतही तोच उडालेला कोपरा दिसला. ज्या बायकांनी वळलेल्या विड्यांवर ते लेबल लागत असे, त्यांच्याच हातात ते पत्रक पडले असणार, आणि दोन्हींमागे बहुधा एकाच जुळाऱ्याची, म्हणजे अक्षरे जुळवणाऱ्या कारागिराची, नजर होती.

या कामाला कला म्हणावे की धंदा, हा वाद मला व्यर्थ वाटतो. ज्या ग्राहकाला वाचता येत नव्हते, तो चित्र पाहून माल ओळखत असे. त्यामुळे लेबलावरचा मोर किंवा वाघ ढिसाळ काढून चालत नसे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या शिळाप्रेसमधील (दगडावरून छपाई करणाऱ्या छापखान्यातील) चित्रे देव्हाऱ्यांत पोहोचली आणि तीच जाहिरातींच्या कॅलेंडरांवरही झळकली. आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवूनच पोट भरत होते. आज त्यांची चित्रे आपण आदराने पाहतो. जुळाऱ्याच्या कामाकडे मात्र रद्दी म्हणून पाहतो, हे मला अन्यायाचे वाटते.

निषेधाच्या छपाईची बाजू तर अधिकच दुर्लक्षित आहे. मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात ज्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी देण्यात आले, त्यांपैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवीत असत. सरकारला छापील कागदाची धास्ती किती होती, हे १८६७ च्या कायद्यावरूनही कळते; प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे त्याने बंधनकारक केले होते. तळाशी बारीक अक्षरांत येणारी ती ओळ म्हणजे मुद्रकाने पत्करलेली जोखीम होती, आणि आज तिच्याच आधारे आपल्याला पत्रकाचा माग काढता येतो. पॅरिसमध्ये मे १९६८ च्या आंदोलनात कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी संपकऱ्यांसाठी स्क्रीन प्रिंटिंगने काढलेली भित्तिपत्रके पुढे मोठमोठ्या संग्रहालयांनी जतन केली. त्यांच्यावर कोणाचीही सही नव्हती. आपल्या कामगार चळवळीची पत्रके त्याहून कमी मोलाची का मानावीत?

जुन्या छपाईच्या जागी आलेल्या फ्लेक्सविषयी तक्रार करण्यात आता अर्थ नाही. महानगरपालिकेने आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने मिळून अशा कागदांचा व ब्लॉकांचा संग्रह सुरू करावा, ही माझी विनंती आहे. त्यासाठी नवी इमारत लागणार नाही; कोरडी खोली, स्कॅनर आणि मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू वाचू शकणारे विद्यार्थी एवढ्यावर आरंभ होऊ शकेल. प्रत्येक कागदासोबत छापखाना, सुमारे कोणते वर्ष आणि कोणते यंत्र याची नोंद व्हावी. आणि सर्वांत आधी जुन्या जुळाऱ्यांच्या व ब्लॉकमेकरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, कारण कोणता ब्लॉक कोणी कोरला हे आता केवळ त्यांनाच ठाऊक आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सोलापूर