चि. मृण्मयीस पत्र: कुठलं मेंडोलिन घ्यावं

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

एफ स्टाईलचं आणि जुनं गिब्सन कंपनीचं ए स्टाईलचं, या दोन मेंडोलिनपैकी कुठलं घ्यावं असं विचारलंस. दोन्हींची रेकॉर्डिंग इअरफोन लावून ऐकली. फोटोही मोठे करकरून पाहिले. तुझं मन त्या खांद्याशी लाकडी वळी (गुंडाळी) असलेल्या एफवर बसलंय, हे तू न लिहिताच कळलं. दिसतंच तसं देखणं. पण एफ आणि ए यांच्या किमतीतला बराचसा फरक त्या लाकडी वळीच्या आणि टोकांच्या कोरीव कामाचा असतो. नथीने चेहरा खुलतो, गळा सुधारत नाही.

आवाज खरा बदलतो तो भोकांमुळे आणि वरच्या पाटीमुळे. एफच्या पाटीवर व्हायोलिनसारखे दोन काप आहेत. त्याचा आवाज टणक, पटकन सुटणारा आणि पटकन मिटणारा. अमेरिकेतल्या ब्लूग्रास या लोकसंगीताला तोच लागतो, कारण बँजोच्या गर्दीत ठेका ऐकू यायला हवा. १९१० च्या सुमाराच्या त्या जुन्या गिब्सन ए ला मधोमध लंबगोल भोक आहे. त्याचा सूर गोल आहे आणि तार छेडल्यावर रेंगाळतो. तू शनिवारी ब्लूग्रासच्या मंडळींबरोबर वाजवतेस ते ठीक, पण घरी एकटी बसून काय वाजवतेस? जुनी हिंदी गाणी. हिंदी सिनेमाचे संगीतकार सज्जाद हुसेन याच पडद्यांच्या वाद्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढायचे. त्या अंगाने जायचं असेल तर रेंगाळणारा सूर हवा. माझं मत ए ला.

मात्र शंभर वर्षांचं लाकूड डोळे मिटून घ्यायचं नाही. दांडी आधी बघ. एकच तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून धर. मधल्या पडद्यांवर तार आणि पडदा यांच्यामध्ये जेमतेम कागद जाईल एवढीच फट हवी. एफच्या दांडीत सळई आहे, पाना फिरवला की बाक काढता येतो. गिब्सनने ती सळई १९२० च्या दशकात आणली, म्हणजे तुझ्या ए मध्ये ती नाही. ती दांडी वाकली असेल तर कारागिराचं मोठं काम निघेल आणि स्वस्तात मिळालेलं महागात पडेल.

मग बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून सूर काढ आणि तिथेच दाबून परत वाजव. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. थोडा फरक आला तर घाबरू नकोस. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावर उभी असते, ती सरकली असेल. दुकानदाराला जागेवर आणायला सांग. घोडीखालची पाटी खचली आहे का, ते उजेडात बाजूने पाहा. आठ तारांचा ताण सत्तर किलोच्या वर जातो, आणि जुन्या वाद्यावर कोणीतरी हौसेने जाड तारा चढवलेल्या असतात. घेतलंस तर पहिल्याच दिवशी बारीक तारांचा संच चढव.

फोनवरच्या रेकॉर्डिंगवर शेवटचा निर्णय करू नकोस. एकाला नव्या तारा आणि दुसऱ्याला गंजक्या असतील तर तुलना कसली? एकाच पिकने दोन्ही वाजव. नंतर दुकानातल्या कोणाला तरी वाजवायला सांगून तू पाठ फिरवून बस. वळी दिसत नसताना कान काय म्हणतात ते कळेल.

जुनं घेण्यात कमीपणा वाटत असेल तर बिल मन्रोचं आठव. ब्लूग्रास उभं करणाऱ्या या माणसाने आपलं १९२३ चं गिब्सन फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात १५० डॉलरना सेकंडहँड घेतलं होतं आणि जन्मभर तेच वाजवलं. ते एफच होतं, हे तू मला लगेच सुनावशील. सुनाव. पण त्याला बँजोशी झगडायचं होतं, तुला नाही.

वाद्य ठेवायची पेटी सोबत देतात का ते विचार, आणि दांडी तपासल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नकोस. आईला किंमत सध्या सांगू नकोस, ते माझ्यावर सोड.

तुझा,
बाबा