ताई, ती दोन मिनिटं आम्हांला पुरून उरली

सप्रेम नमस्कार, ताई.

मी तुमच्या आठवणीत असण्याचं कारण नाही. पणजीतल्या सभागृहात तुम्ही आमच्या वीज कार्यालयासाठी कार्यशाळा घेतलीत, तेव्हा मागून दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसून डुलक्या घेणारा तो मी. वीज तक्रारींचे फोन घेणं हे माझं काम. ‘संवाद आणि मनःस्वास्थ्य’ असा फलक पाहूनच मी मनात म्हटलं होतं, चला, एक दिवस फोनपासून सुटका!

सकाळच्या भाषणात तुम्ही कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांच्या १९५७ सालच्या पुस्तिकेबद्दल बोललात. ‘सक्रिय ऐकणं’ हा शब्द आधी साहेब आणि कामगार यांच्यासाठी वापरला गेला, हे ऐकून मी जरा सावरून बसलो. मला वाटायचं, हे सगळं दवाखान्यातलं प्रकरण.

जेवणानंतरचे ते फुगे आणि टाळ्या नसत्या तरी चाललं असतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्यानंतर तुम्ही जोड्या लावल्या. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला नाही, ‘अरे, माझंही तसंच’ नाही. माझ्या वाट्याला आमचाच लाइनमन आला. अकरा वर्षं आम्ही एकाच कार्यालयात. तो म्हणाला, “पावसात मी खांबावर असतो, हातमोजे भिजलेले, आणि खिशात फोन थरथरतो. तूच असतोस. ‘किती वेळ?’ विचारायला.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तुम्ही लांबूनच बोट ओठांवर ठेवलंत. उरलेला दीड मिनिट मी गप्प होतो. एवढा लांब दीड मिनिट मी आयुष्यात बघितला नाही.

आता आमचं ठरलंय: तो खाली उतरला की तोच फोन करतो. तोवर मी लोकांना ‘पाच मिनिटांत येईल’ असं ठोकून देत नाही. ‘माणूस कामावर आहे, वेळ नक्की सांगता येत नाही’ एवढंच सांगतो. शिव्या कमी झाल्या असं नाही. पण खोटं बोलून खाल्लेल्या शिव्या जास्त लागतात, हे कळलं.

गेल्या पावसात रात्री एक बाई फोनवर तावातावाने बोलत होत्या. पूर्वी मी ‘तक्रार नोंदवली’ म्हणून ठेवला असता. या वेळी बोलू दिलं. रागाच्या त्या भरातच त्या म्हणाल्या, “देवळाफाटल्यान जांबळाची खांदी तारेर पडल्या, तुमकां दिसना?” म्हणजे देवळामागे जांभळाची फांदी तारेवर पडलीय. बिघाड कुठे आहे ते त्यांनीच सांगितलं! नाहीतर लाइनमन अख्खी लाइन भिजत पायी तपासत बसला असता.

शेवटी तुम्ही फळ्यावर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनःस्वास्थ्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा, क्रमांक लिहिलात. तो मी फोनशेजारी भिंतीवर चिकटवलाय, आमच्यासाठीच. कुणी लावला म्हणून अजून कुणी विचारलेलं नाही, पण कागदाची एक कडा रोज थोडी जास्त मळलेली दिसते.

लाइनमनची बायको विचारते, ही कार्यशाळा घरच्यांसाठी कधी घेणार? तो म्हणतो, नको. तुम्हीच काय ते कळवा.

आपला,
तक्रार-फोनवरचा माणूस