वहिनींचा वारसा वहिनींच्याच नावावर राहू दे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. वहिनी त्यांचे वडील गेल्यापासून अजून सावरलेल्या नाहीत असं लिहितोस, आणि लगेच पुढे विचारतोस की त्यांच्या वाट्याला येणारे पैसे तुझ्या नावावर वळवले तर कर वाचेल का. हा सल्ला तुला कुणीतरी दिलेला दिसतो. माझं उत्तर सरळ आहे: नाही वाचणार. आणि वाचला असता तरीही तसं करू नकोस असंच मी सांगितलं असतं.

आधी तुझ्या मनातली मोठी धास्ती काढून टाकतो. वारशाने पैसे किंवा घर मिळालं म्हणून आपल्याकडे कर लागत नाही. १९५३ च्या कायद्याने मृताच्या मालमत्तेवर संपदा शुल्क बसायचं, एके काळी त्याचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत होता. १९८५ साली ते रद्द झालं. म्हणजे वहिनींना जे मिळतंय ते त्यांचं उत्पन्न नव्हे. कर येतो तो नंतर, त्या पैशांवर व्याज मिळू लागलं की, घरभाडं आलं की, किंवा वस्तू विकली की.

आता तुझ्या नावाचं. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला मोबदला न घेता पैसे दिले, तर त्या देण्यावर कर नाही, पण त्या पैशांवरचं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. वहिनींनी तुला वीस लाख दिले की त्याचं व्याज तुझ्या खात्यात पडेल, आणि कायदा ते वहिनींचंच धरेल. कराच्या हिशोबात काही हलत नाही, फक्त वडिलांचे पैसे मुलीच्या हातून जातात. उलट ते त्यांच्याकडेच राहिले तर बघ: त्यांना दुसरं उत्पन्न नाही, वीस लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला एक लाख चाळीस हजार व्याज येईल, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर कर शून्य होतो. तू तीस टक्क्यांत बसतोस. मग ते तुझ्याकडे आणायची घाई कशासाठी?

म्हणून पहिलं काम हे कर. वहिनींच्या एकटीच्या नावाने एक नवीन बचत खातं उघडा आणि वारशाचा प्रत्येक रुपया तिथेच येऊ दे. तुमच्या घरखर्चाच्या जॉइंट खात्यात एक पैसाही जाता कामा नये. तुझे पैसे आणि वहिनींचे पैसे एकदा मिसळले, की पुढे कुठल्या ठेवीचं व्याज तुझ्या उत्पन्नात धरायचं आणि कुठल्याचं त्यांच्या, हे सिद्ध करायला कागद उरत नाही. वेगळं खातं असलं की पासबुकच साक्ष देतं.

सासऱ्यांचं शेवटचं विवरणपत्र भरायचं राहिलं असेल. १ एप्रिलपासून ते गेले त्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्यांच्या पॅनवर, वारसाने भरायचं. त्यासाठी आयकराच्या पोर्टलवर वहिनींना किंवा त्यांच्या भावाला कायदेशीर वारस म्हणून नोंदवावं लागतं. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. सासऱ्यांची काही देणी निघाली तरी घाबरू नका, वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. त्या दिवसानंतरचं व्याज मात्र वारसांचं, ज्याच्या त्याच्या हिश्शाने.

इथे एक गोष्ट लक्षात ठेव, कारण माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्हाला याचा फार त्रास झाला. बँकेला मृत्यूचा दाखला दिला होता, तरी ठेवीचं व्याज आणि त्यावरचा टीडीएस (देतानाच कापला जाणारा कर) वर्षअखेरपर्यंत सासऱ्यांच्याच पॅनवर पडत राहिला. सव्वीस एएसमध्ये, म्हणजे पॅनवर कापलेल्या कराच्या तक्त्यात, वर्षभराची एकच रक्कम, त्यात त्यांची किती आणि बायकोची किती हे कुठेच नाही. शेवटी ठेवीमागे एक कागद घेऊन मृत्यूच्या तारखेपर्यंत जमा झालेलं व्याज बँकेकडून लिहून घ्यावं लागलं. तू आजच अर्ज दे, पोच घे, आणि तारखेपर्यंतच्या व्याजाचा दाखला माग.

ठेवींवर मेहुण्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे, म्हणून त्या त्याच्याच, असं तो म्हणतो असं तू लिहिलंस. तो मनाने वाईट आहे असं मला वाटत नाही. बहुतेक घरांत हाच समज असतो. पण नॉमिनी हा पैसे ताब्यात घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. सोसायटीतही नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, फ्लॅटची मालकी त्याने ठरत नाही. मृत्युपत्र नाही, सासूबाई आधीच गेलेल्या, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांना अर्धं अर्धं. हे त्याला कायद्याचा धाक म्हणून सांगू नकोस. वहिनींनीच शांतपणे सांगितलं तर तो ऐकेल.

आता फ्लॅट. लोक सर्वात जास्त गोंधळतात ते इथेच. विकताना नफा काढायचा तो सासरे गेले त्या दिवशीच्या किमतीपासून नाही. सासऱ्यांनी तो ज्या किमतीला घेतला ती किंमत, आणि तो किती वर्षं ठेवला ही मुदतही, जशीच्या तशी वारसांकडे येते. त्यामुळे वहिनींनी उद्या विकला तरी नफा दीर्घ मुदतीचाच. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेला असेल, तर मूळ किमतीऐवजी त्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरता येते. मात्र मुद्रांक शुल्कासाठीच्या त्या दिवशीच्या किमतीच्या वर जाता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांककाकडून तसा अहवाल करून घे.

तू दिलेल्या आकड्यांवर मी ढोबळ मांडणी केली. १९९६ ला चार लाखांत घेतलेला, २००१ ची किंमत सात लाख धरू, आणि विक्री नव्वद लाखांना. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन वाटा आहेत: महागाईचा निर्देशांक (मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायचा आकडा) न लावता साडेबारा टक्के, किंवा निर्देशांक लावून वीस टक्के, जो कर कमी तो भरायचा. पहिल्या वाटेने नफा त्र्याऐंशी लाख, कर सुमारे दहा लाख सदतीस हजार. दुसऱ्या वाटेने २०२५-२६ चा ३७६ हा निर्देशांक धरला तर सात लाखांचे सव्वीस लाख बत्तीस हजार होतात, नफा त्रेसष्ट लाख अडुसष्ट हजार, आणि कर बारा लाख चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास. म्हणजे तुमच्या बाबतीत पहिली वाट स्वस्त. हा कर दोघांत अर्धा अर्धा, वर चार टक्के उपकर. आणि १२ लाखांची सूट या नफ्याला लागू नाही, तिचा आधार धरू नका. विक्री पन्नास लाखांच्या वर असल्याने घेणारा एक टक्का टीडीएस कापेल. तो दोघांच्या पॅनवर बरोबर विभागून भरला गेला ना, ते पाहा.

वहिनींना आपल्या नफ्यावरचा कर टाळायचा असेल तर त्या रकमेचं दुसरं घर घेता येतं: विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत विकत, किंवा तीन वर्षांत बांधून. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नाही तर पैसे बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवायचे. घर नको असेल तर सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी रोख्यांत पन्नास लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी. पण नवं घर फक्त तुझ्या नावावर घेतलं तर त्यांची सवलतच धोक्यात येते. दोघांच्या नावावर घ्यायचं असेल तर कुणी किती घातले ते करारनाम्यात हिश्शासकट लिहून घ्या. तू कर्ज काढून उरलेले घालणार असशील तर तेवढाच हिस्सा तुझा. यात तुला कमीपणा वाटू नये. मला तर हाच रास्त व्यवहार वाटतो.

मेहुण्याला फ्लॅट ठेवायचा असेल तर हक्कसोडपत्राचा, म्हणजे वहिनींनी आपला हिस्सा त्याच्यासाठी सोडल्याच्या दस्ताचा, विषय निघेल. मोबदला न घेता सोडला तर वहिनींना कर नाही, पैसे घेऊन सोडला तर तो विक्रीसारखाच, वरचाच हिशोब. दस्त नोंदवावाच लागतो. पण ही सही चार नातेवाईक बसलेले असताना मागू देऊ नकोस. अशा वेळी मुलगी भावाकडे बघून सही करते आणि पुढे कित्येक वर्षं मनात ठेवते. वहिनींनी एकटीने विचार करावा, वाटल्यास आठ दिवस, वाटल्यास सहा महिने. सोडायचा ठरवला तर तो त्यांचा निर्णय, तुझा किंवा माझा नाही.

शेअर्सचं थोडक्यात: ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेले असतील तर त्या दिवशीचा भाव कामी येतो, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही. दागिन्यांची यादी वजनासकट करून दोघा भावंडांनी त्यावर सह्या कराव्यात.

एक शेवटचं. वहिनींच्या पश्चात, मृत्युपत्र नसेल तर, हा वारसा तुमच्या मुलीला आणि तुला मिळेल. मूलबाळ नसतं तर मात्र आईवडिलांकडून आलेली मालमत्ता नवऱ्याकडे न जाता वडिलांच्या वारसांकडे गेली असती. कायद्यानेही तिचं माहेर लक्षात ठेवलंय. वहिनींना यापेक्षा वेगळं काही हवं असेल, तर त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र करावं. तूही कर.

मी कलमांचे आकडे मुद्दाम लिहिले नाहीत, कारण १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि आकडे बदलले. विक्रीआधी तुमच्या सीएला सगळं एकदा दाखवाच. तोपर्यंत १९९६ चा करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं भागपत्र शोधून ठेव, आणि त्यांचे फोटो मला पाठव. वहिनींना माझा नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांनाही वाचायला दे.

तुझा,
जुना मित्र