ओट्यावरच्या दिव्याबद्दल

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर विषय काढला की बाबा "आता कशाला" म्हणतात आणि माझं अर्धं सांगायचं राहतं, म्हणून लिहितेय. शनिवारी १० वाजता वायरमन येणारेत. सामान दांडिया बाजारात आत्याकडे पोचलंय, पैसेही दिलेत, तेव्हा आता नाही म्हणू नका ना. ओट्यावरच्या कपाटांखाली एलईडीची पट्टी लागेल, कोणी ओट्यापाशी आलं की आपोआप लागणारी.

आत्याने सांगितलं मला, दूध हातावर सांडलं ते. तिच्यावर रागावू नका. आई, पहाटे तू ट्यूब लावत नाहीस कारण उजेड थेट बाबांच्या पलंगावर पडतो, मला माहितीये गं, माझ्या बारावीला पण तू गॅसच्या ज्योतीच्या उजेडातच चहा करायचीस आणि मी तुझ्या पाठीला डोकं टेकून तशीच डुलक्या घेत उभी राहायचे. पण तेव्हा तुझे डोळे चाळिशीचे होते. साठीला डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. आणि ट्यूब लावली तरी ती तुझ्या पाठीमागे, म्हणजे चिरताना तुझीच सावली विळीवर. ही पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला, खाली तोंड करून बसते, उजेड फक्त ओट्यावर, बाबांची झोप मोडणार नाही. पिवळसरच घेतलीये, ३००० केल्विनची, तुला तो दवाखान्यासारखा पांढरा आवडत नाही म्हणून.

बाबा, बिलाचं सांगते. अडीच मीटर पट्टी, मीटरला १० वॉट, म्हणजे २५ वॉट, रोज ४ तास धरले तरी महिन्याला ३ युनिट. बटण आत्ताचंच राहणार, त्याच्यामागे काडेपेटीहून लहान रिले, म्हणजे वायफायवर चालणारा छोटा स्विच, बसते, वायफाय गेलं तरी बटणाने दिवा लागतो. काही नवीन शिकायचं नाहीये, खरंच. पट्टी २४ व्होल्टवर चालते त्यामुळे तिला ओला हात लागला तरी धास्ती नको.

फक्त तुम्ही तिथे उभे राहा. रिलेला न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, द्यायलाच सांगा, मिक्सरच्या सॉकेटपाशी आहे, तिथूनच घ्यायचा. न्यूट्रलशिवाय चालणारं काहीतरी बसवून देतो म्हणाले तर नको म्हणा, बिनन्यूट्रलच्या स्विचमधून बंद असतानाही थोडा करंट जात राहतो आणि पट्टी रात्रभर मिणमिणते. ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला २४ व्होल्ट देणारा डबा, कपाटाच्या वर, गॅसपासून लांब. आणि दिवा विझायची वेळ १० मिनिटं ठेवायला लावा, आई पोळ्या लाटताना मध्येच अंधार नको. स्टुलावर तुम्ही चढायचं नाही, बाबा, अजिबात नाही, मागच्या दिवाळीचं लक्षात आहे ना.

न आवडलं तर मी गणपतीत येईन तेव्हा काढून टाकू, पण तोपर्यंत वापरा.

आई, फोड फोडू नकोस. आणि हाताचा फोटो पाठव, पदर बाजूला करून, नीट उजेडात.

तुमची
छोटी