मागच्या दाराची पिशवी

वडगाव शेरी, पुणे

प्रिय आई आणि बाबा,

आई, गेल्या महिन्यात फोनवर बोलता बोलता तू सांगून गेलीस आणि मग एकदम गप्प झालीस. "बाबांना बोलू नकोस हं," म्हणालीस. पण हे बाबांपासून लपवणं मला जमणार नाही, म्हणून दोघांना मिळून लिहितोय. बाबा, तिला रागावू नका. ४० वर्षांहून जास्त काळ तिने हे पोटात ठेवलं होतं. मीच तिला बोलतं केलं, कारण मी तिला एका वेगळ्याच गुप्त मंडळींबद्दल विचारत होतो. ते पुढे लिहितो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात बाबा तुम्ही. मी सहा वर्षांचा होतो. मला त्या दिवसांतलं आठवतं ते एवढंच की बाबा दिवसाही घरी असायचे आणि मला त्याचा आनंद व्हायचा. ताटात भात होता. तो कुठून येतो, हा प्रश्न त्या वयात पडत नाही.

तो मागच्या दाराने येत होता, हे मला त्या फोनवर कळलं. रात्री ओटीवरचा दिवा मालवल्यावर केळीच्या वाडीतून दोघे जण यायचे. तांदूळ, तूरडाळ, तेलाची बाटली, आणि जूनमध्ये माझ्या वह्या. विन्सेंट दी पॉल सोसायटीची माणसं, म्हणजे गरजूंना घरी जाऊन मदत करणाऱ्या आपल्या चर्चच्या मंडळाची. त्यांतले एक आमच्या शाळेतले मास्तर, ज्यांच्या मुलाशी मी रोज भांडायचो! त्या मुलाने मला काय काय शिव्या दिल्या असतील, पण 'तुमच्या घरी आम्ही तांदूळ देतो' असं एकदाही म्हटलं नाही. कारण त्यालाही ते माहीत नव्हतं. मास्तरांनी आपल्याच घरात सांगितलं नव्हतं. आई, हे ऐकल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाबा, तुम्हाला आठवतं का, मी आठवीत असताना तुमच्या मागे मागे आलो होतो? तुम्हाला नव्या ठिकाणी काम लागून बरीच वर्षं झाली होती. रविवारी संध्याकाळी तुम्ही सायकलला कापडी पिशवी अडकवून जायचात आणि कुठे जाता ते कुणालाच सांगायचा नाहीत. आईलाही नाही. मला वाटायचं, पत्ते खेळायला जाता. मी बांधाच्या आडून बघत आलो आणि तुम्ही एका घराच्या मागच्या बाजूला सायकल लावलीत. मी दिसलो तेव्हा तुम्ही माझा दंड धरून रस्त्यापर्यंत नेलंत आणि म्हणालात, "हे घर तू पाहिलं नाहीस." तुम्ही माझ्यावर हात उगारलात तो त्या एकाच वेळी. मला कित्येक वर्षं राग होता. त्या घरातली मुलगी माझ्याच वर्गात होती, हे तुमच्या ध्यानात होतं आणि माझ्या नव्हतं.

आता ते दुसरं. आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ साहेब फ्रीमेसन आहेत, म्हणजे आपले विधी आणि खुणा गुप्त ठेवणाऱ्या एका जुन्या बंधुमंडळाचे सभासद. कॅम्पातल्या लॉजमध्ये, त्यांच्या शाखेच्या बैठकीला, जातात. माणूस फार चांगला आहे. माझ्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला पहिले तेच धावले होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मला विचारलं, "येणार का आमच्यात?" खरं सांगतो, मला मोह झाला. पुण्यात वीस वर्षं काढली तरी ज्याच्या खांद्यावर हात टाकावा अशी माणसं इथे मोजकीच आहेत. कुणीतरी आपल्याला निवडून आत बोलावतंय, ही भावना माणसाला आतून हलवते.

मी पुष्कळ वाचलं, त्यांनाही विचारलं. प्रवेशाच्या वेळी डोळ्यांवर पट्टी बांधतात, गळ्यात दोर घालतात, विजारीचा एक पाय वर दुमडतात, उघड्या छातीला कर्कटकाचं टोक टेकवतात. दाराबाहेर तलवार घेऊन पहारेकरी उभा असतो. मग शपथ. आपल्याकडे लॉजमध्ये वेगवेगळ्या धर्मांचे ग्रंथ ठेवतात, ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवायचा. पुढे आणखी दोन पायऱ्या, प्रत्येकीचे शब्द आणि खुणा वेगळ्या. गंमत अशी की यातलं बहुतेक सगळं १७३० सालीच लंडनमध्ये छापून बाहेर आलं होतं. जगाला माहीत असलेली गोष्ट न सांगण्याची शपथ तीनशे वर्षं लोक मनापासून घेताहेत. साहेब म्हणाले, "गुपित महत्त्वाचं नाही, ते एकत्र जपणं महत्त्वाचं." हे मला पटलं. त्यांची एक बाजू तर मला आदराची वाटते. जुन्या लॉजमधले गोरे हिंदी माणसाला आत घेईनात, तेव्हा १८४३ साली मुंबईत जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने हिंदी माणसांसाठी वेगळी लॉज काढली. त्या काळात बंद दाराआड का होईना, पारशी आणि इंग्रज एकमेकांना भाऊ म्हणत होते.

पण आपल्या कॅथलिक चर्चची मनाई आहे आणि ती जुनी आहे. १७३८ साली पोप क्लेमेंट बाराव्यांनी ती पहिल्यांदा घातली. हे लोक वाईट करत नसते तर उजेडाचा इतका द्वेष केला नसता, असा त्यांचा मुद्दा होता. १९८३ च्या नव्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, मेसनांचं नाव आलं नाही म्हणून काहींना वाटलं की बंदी उठली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कार्डिनल रात्झिंगरनी (पुढचे पोप बेनेडिक्ट) स्पष्ट केलं की बंदी कायम आहे, जो सभासद होईल त्याने कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेऊ नये. २०२३ साली व्हॅटिकनने तेच पुन्हा सांगितलं.

क्लेमेंटचा मुद्दा मला पुरता पटत नाही. अंधारात येणारा प्रत्येक जण वाईट करत नाही, आपल्याकडे तर अंधारातूनच तांदूळ आला. सुरुवातीच्या शतकांत बाप्तिस्मा न झालेल्यांना मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या, मध्यावर बाहेर पाठवत, हेही आपल्याच चर्चमधलं. आणि कॅथलिकांनी स्वतःही असं मंडळ काढलंच. अमेरिकेत फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी १८८२ साली 'नाइट्स ऑफ कोलंबस' सुरू केलं. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेत असताना, त्यांचे वडील वारले, घर उघड्यावर पडलं, तेव्हा विधवेचे हाल त्यांनी आपल्या आईतच पाहिले होते. मजुरांना विम्यासाठी लॉजमध्ये जावं लागू नये म्हणून त्यांनी हा मार्ग काढला, पण प्रवेशाचे विधी मात्र गुप्तच ठेवले. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. 'हे नाइट प्रोटेस्टंटांना मारायची शपथ घेतात' अशी एक बनावट शपथ लोकांनी छापून वाटली, ती १९१३ साली अमेरिकी काँग्रेसच्या दप्तरातही पोचली. दार बंद होतं, त्यामुळे ती खोटी आहे हे दाखवणार कसं? शेवटी २०२० मध्ये त्यांनी पहिल्या तीन पायऱ्यांचा मिळून एकच विधी केला आणि तो बायका-मुलांसमोर करायला सुरुवात केली.

आणि आई, तू नेहमी म्हणतेस ना, की फादरांच्या गोष्टी फादरांपाशी राहाव्यात? पापनिवेदनाबद्दल ते खरं आहे, तिथलं गुपित कुठलाही धर्मगुरू मोडू शकत नाही. पण त्याच्या बाहेर चर्चने जे झाकलं, लहान मुलांवर झालेले अत्याचार, ते झाकायला नको होतं. अशा प्रकरणांवरची गुप्तता उठवायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. पोप फ्रान्सिसनी ती उठवली तेव्हा किती मुलं म्हातारी झाली होती! तिथे मुलांच्या अब्रूचं नाव पुढे केलं आणि जपलं दुसऱ्यांनाच.

मी साहेबांना नाही म्हणालो. चर्चची मनाई हे कारण होतंच, पण त्याहून मोठं कारण तुम्ही दोघं. मी लॉजमध्ये गेलो असतो तर नाताळात गावच्या मिस्साला तुमच्या शेजारी उभा राहून कम्युनियनला जायचं की नाही, आणि नाही गेलो तर का नाही, हे मला तुमच्यापासून लपवावं लागलं असतं. साहेबांना वाईट वाटलं, पण त्यांनी हात पुढे केला. साधाच हात, खुणेचा नाही. मैत्री टिकेल.

त्या संध्याकाळी मी क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चमध्ये जाऊन बसलो. सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी १७९२ साली दिलेली ती जागा. तिथे बसून मी आईला फोन केला, लॉजचं सगळं सांगितलं, आणि आई म्हणाली, "गुप्त मंडळं काय, आपल्या घरी पण यायची."

गेल्या महिन्यापासून मी इथल्या विन्सेंट दी पॉलच्या बैठकीला जातोय. बाबा, तुम्हाला नवीन काही नाही, पण मी पहिल्यांदाच पाहिलं. प्रार्थना झाली, गेल्या आठवड्याच्या भेटींचा हिशेब झाला, मग कापडाची पिशवी फिरली. प्रत्येकाने मूठ आत घातली आणि बाहेर काढली. कोणी किती टाकलं कळत नाही, कोणी काहीच टाकलं नाही तेही कळत नाही. मुलांच्या फीच्या वर्षांत तुमची मूठही रिकामीच आत जात असेल, असं तेव्हा मनात आलं. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या पोराने मित्रांना घेऊन हे सुरू केलं. मी त्याच्याहून तीस वर्षांनी म्हातारा आहे, उशीरच झाला.

इथे शपथ नाही. जोडीने जायचं आणि बाहेर बोलायचं नाही, एवढंच सांगितलं.

तरी एक विचारायचंय, बाबा. त्या मास्तरांना आपण कधीच काही बोललो नाही. ते गेले तेव्हा मी मयतीला होतो, दोन मिनिटं उभा राहिलो आणि निघालो, कारण मला काही माहीतच नव्हतं. त्यांच्या मुलाला आता सांगितलं तर चालेल का? दुसऱ्या कुणाचं घर नाही उघडं करायचं, फक्त आपलं. आई हो म्हणते. तुम्ही नाही म्हणालात तर नाही सांगणार.

पुढच्या शनिवारी येतो. आईच्या गुडघ्याचं तेल आणतोय, डॉक्टरांची चिठ्ठी काढून ठेवा. रविवारी संध्याकाळी मात्र मला पुण्यात परतायचंय, दोन घरं आहेत. तुमच्या सुनेने विचारलं, कुठली? मी तिला सांगितलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

तुमचा,
थोरला