फोटोतला मागचा माणूस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत ऑस्ट्रेलियन रॉकवर पानभर लेख आला होता तो वाचला. विषय घेतलात हेच मुळात भारी, मराठी पेपरात एसी/डीसी या रॉक बँडचं नाव एवढ्या मोठ्या टायपात बघायला मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण त्यांच्या फोटोखाली काय छापलंय बघा, 'अँगस यंग आणि साथीदार'. अहो, त्या साथीदारांमध्ये मागे, अँपच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यांच्या) भिंतीपाशी पाय रोवून उभा असलेला जो बुटका माणूस आहे ना, त्याने हा बँड काढला! अँगस त्याचा धाकटा भाऊ, थोरल्याने घेतला म्हणून तो बँडमध्ये आला. आणि अख्ख्या लेखात त्या बुटक्या माणसाच्या, माल्कम यंगच्या, वाट्याला एक ओळ, तीही 'रिदम गिटारवर साथ' (म्हणजे मागे ठेका धरणारी गिटार) एवढीच. आता राहवत नाही म्हणून लिहितोय, लांबलं तर खुशाल कात्री लावा.

माल्कमचा जन्म ६ जानेवारी १९५३ चा, आणि तो ऑस्ट्रेलियात नाही तर स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या क्रॅनहिल भागात. आठ भावंडं, एकच बहीण मार्गारेट, बाकी सगळे मुलगे. १९६३ चा ब्रिटनमधला हिवाळा म्हणजे लोकांनी पुढे वर्षानुवर्षं आठवण काढावी असा भयंकर, त्यात ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती आणि मोठ्या माणसाला दहा पौंडात बोटीने किंवा विमानाने नेऊन सोडायची सरकारी स्कीम चालू होती, तर यंग कुटुंबाने सरळ गाशा गुंडाळला आणि सिडनी गाठलं. माल्कम तेव्हा दहा वर्षांचा. आधी विलावुडचं स्थलांतरितांचं होस्टेल, मग बरवुड.

आता या होस्टेलबद्दल तुमच्या लेखकाने लिहायला हवं होतं असं मला फार वाटतं, कारण गोष्ट तिथेच सुरू होते. थोरला भाऊ जॉर्ज याला विलावुडमध्येच इतर स्थलांतरितांची पोरं भेटली, कोणी हॉलंडचं, कोणी इंग्लंडचं, आणि १९६४ मध्ये त्यांनी ईझीबीट्स नावाचा बँड काढला. ऑस्ट्रेलियाचा पहिला जगभर गाजलेला रॉक बँड म्हणून ज्याचं नाव घेतात त्यातला एकही जण ऑस्ट्रेलियात जन्मलेला नव्हता, घ्या! १९६६ मध्ये त्यांचं 'फ्रायडे ऑन माय माइंड' थेट इंग्लंडच्या टॉप टेनमध्ये गेलं. म्हणजे माल्कमच्या घरात तेरा वर्षांच्या वयात रॉकस्टार भाऊ आहे, दारात किंचाळणाऱ्या पोरी आहेत, आणि पुढच्या काही वर्षांत तोच बँड मोडताना पण त्याने पाहिला. कीर्ती कशी येते आणि कशी जाते हे त्याला कुणी वेगळं शिकवायला लागलं नाही.

पण म्हणून माल्कम काही लगेच गिटार घेऊन स्टेजवर गेला नाही. शाळा सोडल्यावर तो ब्रा बनवणाऱ्या एका फॅक्टरीत शिलाई मशीन दुरुस्त करायचा. हसू नका, खरंय. आणि पुढे बँडला नाव हवं होतं तेव्हा बहीण मार्गारेटला शिलाई मशीनवर 'एसी/डीसी' लिहिलेलं दिसलं, तेच ठेवलं, आता हा योगायोग म्हणा नाहीतर काहीही म्हणा. अँगसचा तो शाळेचा युनिफॉर्म, हाफ चड्डी आणि टोपी, तीपण मार्गारेटचीच आयडिया. या बाईंवर कुणीतरी वेगळा लेख लिहायला पाहिजे.

नोव्हेंबर १९७३ मध्ये बँड जमला, ३१ डिसेंबरच्या रात्री सिडनीच्या चेकर्स नाइट क्लबमध्ये पहिला कार्यक्रम. माल्कम वीस वर्षांचा, अँगस अठराचा. पुढच्या वर्षी बॉन स्कॉट गायक म्हणून आला, तोही स्कॉटलंडचाच, लहानपणी ऑस्ट्रेलियात आलेला. जॉर्ज आणि त्याचा ईझीबीट्समधला दोस्त हॅरी वांडा हे दोघं तोवर प्रोड्युसर झाले होते, पहिल्या रेकॉर्ड्स त्यांनीच केल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवर उघड्या ट्रकवर उभं राहून, बॅगपाइपवाल्यांना सोबत घेऊन यांनी व्हिडिओ शूट केला, तो नेटवर आहे, जरूर बघा. सगळ्यांचं लक्ष बॉनकडे आणि अँगसकडे जातं, जाणारच. पण दुसऱ्यांदा बघताना फक्त माल्कमकडे बघा.

आता मुद्द्यावर येतो. रिदम गिटार म्हणजे दुय्यम काम, ज्याला सोलो, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवायची धून, जमत नाही त्याने करायचं, असा आपल्याकडे आणि खरंतर सगळीकडेच समज आहे. माल्कमला सोलो येत होतं, सुरुवातीच्या रेकॉर्डवर वाजवलंही आहे. त्याने ते धाकट्याला देऊन टाकलं आणि स्वतः ठेका धरून बसला. मी स्वतः पंधरा वर्षं घरच्या घरी गिटार बडवतोय, अँगसची सोलो हळूहळू का होईना बोटांखाली येतात, पण माल्कमचं ते साधं सरळ तीन कॉर्डचं (एकदम छेडलेल्या सुरांच्या जुड्यांचं) वाजवणं अजून नीट जमलेलं नाही. कॉर्ड माहीत असतात हो, कॉर्ड तर पहिल्याच महिन्यात येतात. ते नेमकं कधी वाजवायचं आणि कधी हात तारांवर ठेवून गप्प बसायचं, तिथे वाट लागते.

त्यांच्या 'बॅक इन ब्लॅक' गाण्याची सुरुवात आठवा. आधी नुसती मोजणी, मग ई कॉर्ड, मग रिकामी जागा. मग डी, परत रिकामी. मग ए. त्या रिकाम्या जागा काढून टाकल्या तर उरतं काय? कुठल्याही होतकरू पोराने वाजवलेले तीन कॉर्ड. लोक मान हलवतात ती त्या जागेत हलवतात. तबल्याचा ठेका आणि त्यातली खाली ज्याने कान देऊन ऐकलीय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि गंमत ऐका, हा रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा, पुसला जाणार होता. अँगसनेच नंतर मुलाखतीत सांगितलंय की 'हायवे टू हेल' अल्बमच्या दौऱ्यावर असताना माल्कम एक कॅसेट घेऊन आला, म्हणाला हे बरेच दिवस डोक्यात घोळतंय, बघ काही आहे का यात, नाहीतर त्याच टेपवर दुसरं काही रेकॉर्ड करतो. कारण टेप म्हणजे तेव्हा सहज मिळणारी गोष्ट नव्हती त्यांना. धाकट्याने नको पुसू म्हटलं म्हणून वाचला.

त्याची गिटार म्हणजे तर एक वेगळंच प्रकरण. १९६३ ची ग्रेच जेट फायरबर्ड, हॅरी वांडाने दिलेली. मुळात लाल रंगाची, चकचकीत, दोन पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांचा आवाज अँपकडे पाठवणारा भाग) देखणी वस्तू. माल्कमने काय करावं, तर रंग खरवडून काढला, खालचं लाकूड उघडं केलं, ब्रिजजवळचा एक पिकअप ठेवला आणि बाकी उपटून टाकलं. जिथून उपटलं तिथली भोकं तशीच. एखादं दार बिजागरीसकट काढून नेल्यावर चौकट दिसते ना तशी ती गिटार दिसायची आणि जवळजवळ आयुष्यभर तो तीच वाजवत राहिला. तारा जाड, अँप मार्शलचे, पण आवाज फाडून टाकणारं डिस्टॉर्शन मात्र कमी. हेही लोकांना उलटं वाटतं. नवीन पोरं एसी/डीसी वाजवायचं म्हणून गेनचं, म्हणजे डिस्टॉर्शन वाढवायचं, बटण पार टोकाला फिरवतात आणि मग सगळा गिचका होतो. माल्कमचा आवाज मोठा होता पण स्वच्छ होता, कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा ऐकू यायचा, जोर होता तो उजव्या हाताचा.

१९ फेब्रुवारी १९८० ला बॉन स्कॉट लंडनमध्ये वारला. त्याबद्दल तुमच्या लेखात दोन परिच्छेद आहेत, ते ठीकच आहे. पण पुढचं कुणी केलं? बँड बंद करायचा विचारही झाला होता, तरी थोड्याच दिवसांत दोघे भाऊ परत रिफ घेऊन बसले, नवा गायक म्हणून ब्रायन जॉन्सनला आणलं, बहामातल्या नसाऊला जाऊन रेकॉर्डिंग केलं, प्रोड्युसर मट लँग, आणि २५ जुलैला 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम बाजारात. मित्र जाऊन जेमतेम पाच महिने! कव्हर पूर्ण काळं, बॉनसाठी. आजवर ५ कोटींच्या आसपास प्रती खपल्यात असं सांगतात, जगात सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमच्या यादीत तो वरच्या नंबरांत असतो.

पुढचं सगळं सांगत बसत नाही, दौरे, स्टेडियम, १९९१ चं मॉस्कोतलं तुशिनो विमानतळावरचं ते अफाट गर्दीचं मैदान, २००३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा मान. मेलबर्नमध्ये तर २००४ साली एका गल्लीलाच बँडचं नाव दिलं, फक्त नावातली ती तिरकी रेघ पालिकेच्या नियमात बसेना म्हणून पाटीवर रेघ नाही! सरकारी काम शेवटी सगळीकडे सारखंच.

माल्कम काही संत नव्हता हेही लिहायला पाहिजे, नाहीतर हे पत्र म्हणजे आरती होईल. दारू प्रचंड होती. १९८८ मध्ये चालू दौऱ्यातून तो बाहेर पडला, दारू सोडायची म्हणून, आणि त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही उभा राहिला. चेहरा इतका सारखा की अनेक प्रेक्षकांना माणूस बदललाय हे कळलंच नाही म्हणतात. आता हे ऐकायला मजेशीर आहे पण मला नेहमी थोडं लागतं. बँडचा मालकच स्टेजवर नाही आणि पब्लिकला पत्ता नाही. अर्थात माल्कमला त्याचं काही वाटलं असेल असं मात्र मला वाटत नाही. त्याला दिसायचंच नव्हतं मुळी. कोरसची ओळ आली की चार पावलं पुढे माइकपाशी यायचा, बेस गिटारवाल्या क्लिफ विल्यम्सबरोबर ओरडायचा, ओळ संपली की चार पावलं मागे. परत ड्रमच्या शेजारी. कुठलाही व्हिडिओ लावा, तेच.

आणि शेवटचं जे आहे ते तुमच्या लेखात अजिबातच नाही, ते तरी यायला हवं होतं. 'ब्लॅक आइस' अल्बमच्या २००८ ते २०१० च्या दौऱ्यात माल्कमला गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या. अँगसने सांगितलंय की तो रिफ परत शिकायचा. स्वतः रचलेले, तीस-पस्तीस वर्षं हजारो वेळा वाजवलेले रिफ, हा माणूस पुन्हा पहिल्यापासून घोटत होता, आणि रात्री स्टेजवर जाऊन ते वाजवत होता. मी त्या दौऱ्याचे व्हिडिओ पुन्हा बघितले, मुद्दाम चूक शोधायला म्हणून बघितले, लाज वाटते सांगायला. मला सापडली नाही. २०१४ मध्ये डिमेन्शिया असल्याचं जाहीर झालं, तो बँडमधून बाहेर पडला, पुन्हा स्टीव्ही आला, यावेळी कायमचा. १८ नोव्हेंबर २०१७ ला माल्कम सिडनीत गेला, वय ६४. जॉर्ज त्याच्या महिनाभर आधीच गेला होता, २२ ऑक्टोबरला. विचार करा, अँगसचे दोन भाऊ चार आठवड्यांत.

अंत्यविधी सिडनीच्या सेंट मेरीज कॅथिड्रलमध्ये झाला. त्या दिवशीचा एक फोटो आहे, अँगस सूट घालून चाललाय, हाफ चड्डी नाही, टोपी नाही, आणि हातात ती रंग खरवडलेली ग्रेच आहे. तो फोटो छापला असतात तर लेख नसता तरी चाललं असतं.

२०२० मध्ये 'पॉवर अप' आला तेव्हाही सगळ्या गाण्यांवर दोघा भावांची नावं होती, माल्कमने मागे ठेवलेल्या कल्पनांतूनच तो अल्बम उभा राहिला. म्हणजे जाऊन तीन वर्षं झाली तरी कामावर हजर.

तर एवढीच विनंती, पुढच्या रविवारी कोपऱ्यात का होईना दुरुस्ती छापा. मागच्या फोटोत अँगस यंगच्या मागे, अँपच्या भिंतीपाशी, खाली बघून वाजवत असलेले गृहस्थ माल्कम यंग आहेत.

कळावे,
आपला एक जुना वाचक